जुनी थार, तीन दारांची थार की रॉक्स? ऑफरोडिंग करायचंय त्यांच्यासाठी

थार घ्यायचीय पण नक्की कुठली, असं कुणी विचारलं की आमच्या ऑफरोडिंगवाल्या मित्रांमध्ये लगेच दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, महिंद्राने जीपची पार फॅमिली गाडी करून टाकली, सनरूफ काय, गार हवा सोडणाऱ्या सीट काय, हे काय जीपचं लक्षण आहे का. दुसरे म्हणतात, अरे घरचे बसायलाच तयार नसतील तर ती जीप वर्षातून चार वेळा बाहेर निघणार, मग एवढे पैसे घालून उपयोग काय. माझ्याकडे २०१६ ची सीआरडीई, म्हणजे जुनी थार आहे, मामेभावाकडे २०२१ ची तीन दारांची डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी), आणि एका जवळच्या मित्राने रॉक्सची (पाच दारांची थार) फोर बाय फोर घेतलीय, म्हणजे तिन्ही गाड्या एकाच पावसात एकाच चिखलात शेजारी शेजारी बघितल्यात, त्यावरून लिहितोय.

जुन्या लोकांना एवढं का लागतं ते आधी समजून घ्या. १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडण्यापासून या कंपनीच्या गाड्यांची सुरुवात झाली, पुढे एमएम ५४०, ५५०, मेजर, क्लासिक अशी वंशावळ चालत आली आणि २०१० ला थार आली ती त्याच घरातली. २.५ लिटर सीआरडीई इंजिन, १०५ बीएचपी, मागे पाटे, वर कॅनव्हासचा हूड, मागे आमोरासमोर बाकडी. २०१५ च्या फेसलिफ्टला मागच्या एक्सलमध्ये मेकॅनिकल डिफ लॉक पण मिळाला, म्हणजे एक चाक नुसतंच फिरत राहिलं तरी दुसऱ्याला ताकद मिळते. बॉनेट उघडलं की हात सगळीकडे जातो, तालुक्याच्या गावातला मेस्त्रीसुद्धा अर्ध्या दिवसात पाटे उतरवून बुश बदलून देतो, आणि हे ज्याने अनुभवलंय त्याला टचस्क्रीनवाली गाडी परकी वाटणारच, त्यात त्याची चूक नाही.

पण आता कुणी पहिली गाडी म्हणून सेकंडहँड सीआरडीई घ्यायला निघाला तर मी त्याला थांबवतो. या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस अगदी शेवटी शेवटी आलं, मागे आडव्या बसलेल्या माणसांना अपघातात धरून ठेवणारं काहीच नाही. हायवेला शंभराच्या वर आवाज आणि वारा एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. शिवाय २०१०-११ ची असेल तर पंधरा वर्षं झाली, म्हणजे री-पासिंग आणि ग्रीन टॅक्स आला. घरात दुसरी गाडी आहे, हाताने काम करायची आवड आहे आणि चेसिसचा गंज ओळखता येतो, अशा माणसानेच घ्यावी. त्याला मात्र ही गाडी जे देते ते बाकी दोघी देत नाहीत.

तीन दारांची थार २ ऑक्टोबर २०२० ला आली आणि खरं वळण तिथेच आलं. पाटे जाऊन मागे कॉइल स्प्रिंग आले, २.० लिटर टर्बो पेट्रोल १५० बीएचपी, २.२ डिझेल १३० बीएचपी, आयसिनचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये चार स्टार. तेव्हाही ओरड झाली होती की गाडी मऊ झाली म्हणून, आणि आज तीच मंडळी रॉक्सला नावं ठेवताना याच थारचं कौतुक करतात. कारण आकडे खोटं बोलत नाहीत, २२६ मिमी ग्राउंड क्लिअरन्स, ४१.८ अंश अप्रोच (पुढचा बंपर न घासता चढता येतो तो कोन), ३६.८ डिपार्चर (तसाच मागचा), ६५० मिमी पाण्यातून जायची क्षमता, आणि फ्लोअरला ड्रेन प्लग, म्हणजे ताम्हिणीतून चिखलाने भरलेले पाय घेऊन आलात तरी मॅट काढा, प्लग उघडा आणि पाइप लावून धुऊन टाका. मामेभाऊ दर पावसाळ्यात हेच करतो, मी स्वतः पाइप धरलाय.

रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ची. पाच दारं, पॅनोरमिक सनरूफ, व्हेंटिलेटेड सीट, १०.२५ इंचाच्या दोन स्क्रीन, हरमन कार्डनचे स्पीकर, लेव्हल टू अॅडास (ब्रेक, स्टिअरिंगला मदत करणारी यंत्रणा), सहा एअरबॅग, भारत एनकॅपमध्ये पाच स्टार. बुकिंग उघडलं त्या दिवशी पहिल्या तासातच १.७६ लाख बुकिंग झाली, म्हणजे लोकांना काय हवं होतं ते दिसलंच. पांढऱ्या सीटवरून मात्र सगळ्यांनी कंपनीला धारेवर धरलं आणि ते योग्यच होतं, लाल मातीच्या देशात जीपला पांढरी सीट देतात का? नंतर फोर बाय फोरला मोका ब्राउनचा पर्याय आला, तोच घ्या, यात दुसरा विचार नको.

आता मुद्द्याचं. मुळशीच्या पलीकडे ओळखीच्या एकांच्या रानात आम्ही जातो, तिथे दोन खाचरांच्या मध्ये एक उंच बांध आहे, माथा अगदी अरुंद. सीआरडीई आणि तीन दारी थार सरळ चढून सरळ उतरतात. रॉक्सचा व्हीलबेस २८५० मिमी, तीन दारीचा २४५०, म्हणजे तब्बल ४०० मिमी जास्त, आणि पोटाखालचा रॅम्पओव्हर अँगल २७ वरून २३.९ वर आलाय, म्हणजे उंचवट्यावर पोट लवकर टेकतं. मित्र बांधाच्या आधी थांबला, खाली उतरून वाकून बघितलं, मग मी पुढे उभा राहून हाताने खुणा करत त्याला तिरका घेतला, आधी उजवं चाक माथ्यावर, मग डावं. मागचं एक चाक हवेत गेलं, त्याने बटण दाबून ई-लॉकर (बटणावरचा डिफ लॉक) लावला, लो रेंजमध्ये (कमी वेगात जास्त ताकद देणारे गिअर) होताच, आणि गाडी शांतपणे पलीकडे उतरली. दोन मिनिटं जास्त लागली एवढंच. उतरल्यावर मागच्या सीटवर बसलेल्या त्याच्या आई म्हणाल्या, झालं का, मला वाटलं अजून चढायचंय. ही बाई आयुष्यात माझ्या गाडीत मागे बसली नसती.

म्हणून मला वाटतं रॉक्समध्ये ऑफरोडिंगची ताकद गेलेली नाही, लांबी वाढल्यामुळे लाइन नीट निवडावी लागते हा फरक आहे. उलट ई-लॉकर आपण हवा तेव्हा लावतो, तीन दारीचा मेकॅनिकल लॉक चाक फिरायला लागल्यावर स्वतः धाडकन बसतो, दोन्हीची सवय वेगळी. अरुंद वळणाला आतलं मागचं चाक धरून गाडी वळवणारं इंटेलिटर्न आहे, त्याने लांबीची थोडी भरपाई होते. हरवलं ते वेगळंच. तीन दारीचं हायड्रॉलिक स्टिअरिंग जाऊन रॉक्सला इलेक्ट्रिक आलं, शहरात एका बोटाने वळतं पण दगडावर चाक चढलं की हाताला जे कळायचं ते कमी कळतं. उघडं छप्पर गेलं. आणि मेस्त्री गेला, म्हणजे सेन्सर, कॅमेरा, मॉड्यूल एवढे आहेत की आडगावात काही अडलं तर लॅपटॉपवाला लागतो. ज्यांना स्पितीत, लडाखमध्ये महिनाभर फिरायचंय त्यांनी हा विचार जरूर करावा.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, जी या सगळ्या सनरूफच्या भांडणात राहून जाते. खरा बदल सीटमुळे झालाच नाही, तो जानेवारी २०२३ ला झाला, जेव्हा तीन दारी थार ९.९९ लाखाला फक्त रिअर व्हील ड्राइव्हमध्ये आली, १.५ लिटर डिझेल, ना लो रेंज, ना पुढच्या चाकाला ताकद. दिसायला तीच जीप. रॉक्समध्येही तेच, फोर बाय फोर फक्त डिझेलला, लाँचला १८.७९ लाखापासून, बाकी सगळ्या रिअर व्हील. घेऊ नका असं म्हणत नाही, शहरात आणि घाटरस्त्याला छान गाडी आहे, पण टायर आणि उंची बघून लोक ओढ्यात घालतात आणि मग ट्रॅक्टर शोधत बसतात. ज्याला व्हेंटिलेटेड सीट नको वाटते त्याने ती बंद ठेवावी, बटण आहे. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद देणारा गिअरबॉक्स, मात्र नंतर बसवता येत नाही.

लँड रोव्हर डिफेंडरवाल्यांचं रडगाणं वाचलं की तुलना कळते. जुनी डिफेंडर जानेवारी २०१६ ला सॉलिहलमध्ये बंद झाली आणि २०१९ ला नवी आली ती लॅडर फ्रेम (बॉडीखालचा वेगळा शिडीसारखा सांगाडा) सोडून मोनोकॉकवर (बॉडी हाच सांगाडा). थारच्या तिन्ही पिढ्यांखाली लॅडर फ्रेम आहे, मागे अख्खा एक्सल आहे, फोर बाय फोरला लो रेंजचा दांडा हाताने ओढायचा आहे. माझ्यासाठी जीप त्यात आहे.

फोर्स गुरखा पण बघून या, पुढे मागे दोन्हीकडे डिफ लॉक, ७०० मिमी पाणी, कंपनीकडूनच स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी). पण ऑटोमॅटिक नाही आणि आतली फिनिशिंग साधी, ते चालत असेल तर थारपेक्षा जास्त खडखडीत गाडी आहे.

मग कुठली घ्यायची. एकटे किंवा दोघंच फिरता, मागची सीट सामानासाठीच लागते, तर तीन दारी डिझेल फोर बाय फोर, आणि बुकिंगच्या वेळी त्या व्हेरिअंटमध्ये मेकॅनिकल डिफ लॉक येतोय का हे लेखी विचारून घ्या, सगळ्यांत येत नाही. घरात म्हातारी माणसं, मुलं आहेत आणि हीच एकमेव गाडी असणार आहे, तर रॉक्स फोर बाय फोर, डोळे झाकून. तीन दारीत मागे बसायला पुढची सीट सरकवून चढावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते दोनदा जमेल, तिसऱ्यांदा तो घरी थांबेल. किमती सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलल्यावर हलल्यात, त्यामुळे इथे वाचलेल्या आकड्यांवर न जाता ताजं ऑन रोड कोटेशन घ्या. आणि टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरच्या सगळ्यांना न्या, स्वतः दहा मिनिटं मागे बसा, आणि शोरूमवाल्याला लो रेंज लावून दाखवायला सांगा.