६ इंची फोमची गादी: नऊ महिन्यांनी खड्डा किती आणि का

गादी ७२ बाय ३६ इंच. खाली ४ इंच रीबॉन्डेड (फोमचे तुकडे चिकटवून, दाबून केलेला टणक थर), वर २ इंच ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो) मऊ पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन फोम. झोपणारा एकच, वजन ७८ किलो.

कमरेखाली खड्डा पडलाय. दोन्ही कडांवर सुतळी ताणून मधे पट्टी उभी धरली: सकाळी उठल्या उठल्या १४ मिमी, दिवसभर गादी मोकळी राहिल्यावर संध्याकाळी ९. म्हणजे ५ मिमी भरून येतात, ९ येत नाहीत. खोळ काढून पाहिलं तर रीबॉन्डेड जेमतेम १ मिमी बसलंय. बाकी सगळं वरच्या थरात.

४० डेन्सिटीच्या फोममध्ये घन माल साधारण ३ टक्के, उरलेली हवा. दाब पडला की जाळीतल्या बारीक काड्या आधी किंचित वाकतात, जाडीच्या ५ टक्क्यांच्या आसपास. मग त्या दुमडायला लागतात आणि फोम जवळपास तेवढ्याच जोरावर खाली जात राहतो. आपण ज्याला मऊपणा म्हणतो तो हाच टप्पा. ६०-७० टक्के दबल्यावर काड्या एकमेकींना टेकतात आणि गादी एकदम टणक लागते. २ इंचांचा थर सव्वा इंच दबला की ६२ टक्के झाले. ४ इंचांचा थर तेवढाच दबला तर ३१. रोज रात्री सात-आठ तास त्या टोकाला राहिलेला फोम पूर्ण उठत नाही.

दुकानात तळहाताने दाबून यातलं काही कळत नाही. एक गुडघा टेकवून सगळं वजन टाका. खालचा टणक थर लागला तर वरचा पातळ आहे.

डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, तेही लक्षात ठेवा. या मापाचा २ इंची थर ४० डेन्सिटीचा असेल तर ३.४ किलोच्या आसपास भरतो. कमी भरला तर डेन्सिटी कमीच. बरोबर भरला तरी खात्री नाही. खडूची भुकटी घालून वजन वाढवता येतं, ताकद नाही.

पावसाळ्यात दमट हवेने पीयू आणखी मऊ पडतो, खड्डाही तेव्हाच भराभर वाढला. पण कापसाच्या गादीसारखं ऊन दाखवू नका. फोम पिवळा पडून भुगा होतो. पंख्याखाली उभी करून ठेवा. कापूस पिंजून घेता येतो, फोमला तो उपाय नाही. महिन्याला डोकं-पाय बदला. उलटी करून उपयोग नाही, वरचा थर एकाच बाजूला आहे.

साठ किलोच्या आतल्यांना चालेल. जड माणसाने वरचा थर ४ इंची मागावा. खोळीला चेन आहे, हे मात्र उत्तम: नवी गादी न घेता तेवढाच थर बदलता येईल.