पाटी 500 केव्हीएची, आत 315 चा ट्रान्सफॉर्मर

साताऱ्याजवळ आमचा खडी क्रशर आहे. मागच्या हंगामाआधी कोन क्रशर (फोडलेला दगड आणखी बारीक करणारं यंत्र) वाढवला, त्याला 200 एचपीची मोटर. मोठे दगड फोडणाऱ्या जॉ क्रशरची 100 एचपी आधीपासून होती, चाळणी आणि पट्टे धरून आणखी 75. सगळं मिळून 375 एचपी, म्हणजे 280 किलोवॉटच्या आसपास. मोटरची एफिशियन्सी आणि पॉवर फॅक्टर धरला की हाच आकडा साडेतीनशे केव्हीएवर जातो (ट्रान्सफॉर्मर किती भार पेलतो ते केव्हीएत मोजतात), शिवाय मोठी मोटर सुरू होतानाचा झटका वेगळा. आमच्या ठेकेदाराने 500 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर सांगितला आणि त्याचा हिशोब बरोबर होता. घात झाला खरेदीत.

नवा घ्यायला पैसे कमी पडत होते. जुन्या मशिनरीच्या एका व्यापाऱ्याने बंद कारखान्यातला, "दोनच वर्षं चाललेला, तांब्याचा" ट्रान्सफॉर्मर दाखवला. ताजा राखाडी रंग, पाटीवर 500 केव्हीए, 11000/433 व्होल्ट, इम्पीडन्स, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, 4.5 टक्के. सोबत टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स. "दादा, तेलसुद्धा बदललंय, नेऊन फक्त जोडायचा." साडेचार लाखांत व्यवहार झाला. बिलावर "वापरलेला ट्रान्सफॉर्मर, नग 1" एवढंच लिहिलं होतं. केव्हीए नाही, सिरियल नंबर नाही. तेव्हाच अडून बसायला हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्रास सुरू झाला. जॉ चालू, पट्टे चालू, शेवटी कोन. स्टारमध्ये (कमी जोराने सुरू करायच्या जोडणीत) मोटर फिरायची, पण डेल्टात (पूर्ण जोराच्या जोडणीत) पडताना व्होल्टमीटरचा काटा 425 वरून थेट 340 वर यायचा, कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, तडतडायचा आणि सगळा प्लांट बसायचा. व्होल्टेज असं पडलं की मोटरचा जोर त्याच्या वर्गाने घटतो. 415 च्या जागी 340 मिळाले तर एक तृतीयांश जोर गेलाच म्हणून समजा. मग भरलेल्या पट्ट्यांवरची खडी माणसं लावून फावड्याने उतरवायची, पुन्हा सुरू करायचं, पुन्हा बसायचं.

व्यापारी फोनवर छातीठोकपणे म्हणाला, "मोटरमध्ये दोष आहे." आम्ही मोटर उतरवून रिवाइंड केली, कॉन्टॅक्टर नवे टाकले. ऐन हंगामात आठ दिवस काम बंद. दोष जागचा हलला नाही. दुपारनंतर टाकीला हात लावता येत नव्हता.

शेवटी टेस्टिंगचं काम करणाऱ्या एका जाणत्या माणसाला बोलावलं. त्याने रीतसर लाइन बंद करून दोन्ही बाजू सोडवल्या, एलटीचे (कमी व्होल्टेजच्या बाजूचे) तिन्ही स्टड तांब्याच्या पट्टीने शॉर्ट केले आणि एचटीच्या (जास्त व्होल्टेजच्या) बाजूला 415 व्होल्ट थ्री फेज दिले. त्याचा हिशोब मला पाठ झालाय. 500 केव्हीएचा एचटीचा पूर्ण करंट 26.2 अँपिअर. 4.5 टक्के इम्पीडन्सला तेवढा करंट वाहायला 495 व्होल्ट लागतात, म्हणजे 415 व्होल्टला 22 अँपिअर आले पाहिजेत. क्लॅम्प मीटरवर आले 13.9. तिन्ही फेजला तेच. त्याने मीटर माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "हा 315 चा आहे." 315 केव्हीएला याच हिशोबाने 13.9 येतात.

मग पाटी नीट पाहिली. एकूण वजन 1,880 किलो लिहिलेलं. आमच्या स्वतःच्या वजनकाट्यावर, जिथे रोज टिपर तोलतो, ट्रान्सफॉर्मर तोलला तर 1,310 भरला. आला त्या दिवशी तोलला असता तर गाडी तशीच परत गेली असती, हे अजून सलतं. पाटीचे रिव्हेट नवे, बाजूला जुनी भोकं पुटी भरून रंगवलेली. झाकण उघडल्यावर वाइंडिंग ॲल्युमिनियमचं निघालं.

व्यापारी आता म्हणतो, तुम्हीच ओव्हरलोड केला. धंद्यासाठी घेतलेला माल असल्याने ग्राहक आयोगात आमच्यासारख्यांची तक्रार टिकणं कठीण, असं वकिलांनी सांगितलं, त्यामुळे पोलिसांत अर्ज आणि दिवाणी नोटीस असे दोन्ही मार्ग धरलेत. बिलावर केव्हीए नसल्याचा फटका तिथेच बसतोय.

तुमच्यापैकी कुणी जुना ट्रान्सफॉर्मर घेत असेल तर कळकळीने सांगतो, पैसे देण्याआधी व्यापाऱ्याच्याच आवारात, लायसन्स असलेल्या माणसाकडून ही शॉर्ट टेस्ट करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. तो टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत या. पाटीवर आयएसआयची खूण असेल तर तिचा लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. बिलात केव्हीए, सिरियल नंबर, वाइंडिंगचा धातू आणि वजन लिहून घ्या.

आम्ही कर्ज काढून नवा 500 चा बसवला. त्याच मोटरी, तेच स्टार्टर, प्लांट एकदाही बसलेला नाही. जुना क्रशरमागे ताडपत्री घालून ठेवलाय. व्यापाऱ्याचा माणूस दोनदा "पाटी तेवढी द्या" म्हणत येऊन गेला. पाटी आम्ही काढू दिलेली नाही.