जुनी जीप पासिंगला न्यायचीय? फोंड्यातलं हे गॅरेज बघा
खासगी गाडीला 15 वर्षं झाली की नोंदणी आणखी 5 वर्षं वाढवायला पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, आलीच. माझी जीप मी फोंड्यातल्या एका छोट्या गॅरेजात टाकली. मेस्त्रींनी आधी चॅसिस नंबरच, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक, शोधला. आपल्याकडच्या पावसानं त्यावर गंजाचा जाड थर चढलेला; रॉकेल लावून, तारेच्या ब्रशनं सावकाश घासत एकेक आकडा वर काढला. ग्राइंडरला हात लावला नाही, कारण आकडे पुसट झाले तर खाडाखोडीचा संशय येतो. हेडलाइटचे झोत भिंतीवर खुणा करून जुळवले, हँडब्रेक गाडी चढावर उभी करून बघितला. पत्र्याचं वेल्डिंग मात्र ओबडधोबड, आणि दिलेली तारीख पाळतील ही आशा सोडा. पैसे आधी सांगतात, जुने पार्ट हातात देतात. पीयूसी (धुराची तपासणी) बाहेरून करावी लागते. दुपारी एक ते तीन फिरकू नका, झोपमोड खपत नाही.