सेमोर डंकन जेबी-जॅझ जोडी: दोष पिकअपचा की पॉटचा?

इलेक्ट्रिक गिटारचे हंबकर, म्हणजे गुणगुण दाबणारे दोन कॉइलींचे पिकअप, बदलायचे ठरले की सगळ्यात आधी सेमोर डंकन कंपनीच्या एका जोडीचे नाव निघते: ब्रिजला (तारा अंगावर टेकतात त्या बाजूला) एसएच-४ जेबी आणि नेकला (मानेच्या बाजूला) एसएच-२ जॅझ. या जोडीबद्दलची मतेही तशीच टोकाची. एकजण म्हणतो जेबीने गिटारला कंठ फुटला, दुसरा म्हणतो कानात सुई घातल्यासारखा लागतो. दोघेही खरेच सांगत असतात. पिकअप तोच असतो. त्याच्या मागचा पॉट (व्हॉल्यूम किंवा टोनचा फिरवायचा रोधक), त्याची उंची आणि अँपपर्यंतची केबल मात्र दोघांची वेगळी असते. त्यामुळे या जोडीचे परीक्षण नुसते कान लावून होत नाही, मागचे झाकण उघडावेच लागते.

आधी आकडे. दोघांतही अल्निको ५ (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचे) चुंबक आहे. जेबीचा डीसी रोध १६.५ किलोओहमच्या जवळपास, नेकच्या जॅझचा साधारण ७.७. हे वाचून जेबी दुप्पट ताकदीचा असणार असे वाटते, आणि पहिली गफलत इथेच होते. जेबीची तार जास्त बारीक आहे, आणि बारीक तारेचा रोध तेवढ्याच वेढ्यांना जास्त भरतो. रोध दुप्पट म्हणजे वेढे दुप्पट नव्हेत, आवाज तर नव्हेच. रोधावरून पिकअप निवडणे म्हणजे चपलेच्या नंबरावरून माणसाची उंची सांगणे.

आवाजाचा स्वभाव कळायला इंडक्टन्सचा, म्हणजे गुंडाळी बदलत्या विजेला किती अडवते त्याचा, आकडा जास्त कामाचा. जेबीचा तो साधारण ८ हेन्री, जॅझचा निम्म्याच्या आसपास. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक उंचवटा तयार होतो, आणि तो जिथे येतो तिथला आवाज पुढे उसळतो. बऱ्याच केबलींची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात असते. ६ मीटरची केबल धरली तर ६०० पिकोफॅरड. ८ हेन्रीशी हिशेब केला की उंचवटा सुमारे २.३ किलोहर्ट्झवर बसतो. कान सगळ्यात हळवा असतो त्याच पट्ट्याच्या तोंडाशी. केबल ३ मीटरची केली तर तोच उंचवटा ३.२ किलोहर्ट्झच्या आसपास सरकतो. म्हणजे पिकअपला हात न लावता आवाज बदलला.

आता जेबी वाजतो कसा? मधला पट्टा पुढे काढलेला, वरचा भाग धारदार, आणि मध्यम गेनवर (अँपमध्ये आवाज किती फुगवून फाटका केला ते) एकेक सूर गाणाऱ्यासारखा सुटा. लीडसाठी आणि रॉक रिदमसाठी ब्रिजचा पिकअप असाच हवा, बँडच्या गलक्यातही तो हरवत नाही. गेन कमी करून पॉवर कॉर्ड दाबली की फाटका नाही पण कडकडीत आवाज येतो. खालची बाजू मात्र याची कच्ची आहे. गेन भरपूर वाढवून आणि तारांचे सूर खाली उतरवून पाम म्यूट केले (तळहाताच्या कडेने तारा दाबून वाजवले) की जाड तारेचा ठोका गोळीबंद राहत नाही, कडा विरघळतात. तसलेच वाजवायचे असेल तर सिरॅमिक चुंबकाचा एसएच-६ किंवा एसएच-५ बघावा. चुंबकाने किती फरक पडतो हे याच कंपनीच्या कस्टम मालिकेत नीट ऐकू येते: एसएच-५ मध्ये सिरॅमिक, एसएच-१४ मध्ये अल्निको ५ आणि एसएच-११ मध्ये अल्निको २. गुंडाळी तीच, स्वभाव तीन.

टोचण्याच्या तक्रारीचा उगम बहुतेक वेळा ५०० किलोओहमच्या पॉटमध्ये सापडतो. हंबकरला ५०० आणि सिंगल कॉइलला २५० हा नियम सरसकट पाळला जातो, पण जेबी त्याला सरसकट मानवत नाही. पॉटची किंमत जितकी मोठी, तितका तो उंचवटा अणकुचीदार. किंमत कमी केली की टोक झिजते. म्हणून तेजस्वी लाकडाच्या, बोल्ट-ऑन नेकच्या गिटारवर जेबी २५० च्या व्हॉल्यूम पॉटला जोडला की तो एकदम माणसात येतो. महोगनीच्या जडशा गिटारवर ५०० च ठेवावा, नाहीतर आवाज झाकल्यासारखा होतो.

दोन्ही पिकअपना मिळून एकच व्हॉल्यूम असेल तर पॉट बदलला की जॅझही मंदावतो, आणि ते नको असते. यावर स्वस्तातला उपाय: सिलेक्टर स्विचवर जेबीची गरम वायर जिथे येते त्या पायापासून ग्राउंडपर्यंत ४७० किलोओहमचा एक रेझिस्टर. ५०० आणि ४७० समांतर झाले की २४२ किलोओहम होतात, आणि स्विच नेकवर असताना हा रेझिस्टर वाटेत येत नाही. टोन पॉट १० वर असला तरी तोही वरच्या पट्ट्यावर भार टाकतच असतो हे ध्यानात ठेवून आधी रेझिस्टर नुसता क्लिपने लावून ऐकावे, मग डाख द्यावा.

जॅझबद्दल थोडक्यात. नावावरून उबदार, गोलसर आवाजाची अपेक्षा ठेवून घेतला तर निराशा ठरलेली. हा नितळ, उघडा आणि खालून आटोपशीर पिकअप आहे. नेकला गेनमध्ये बहुतेक पिकअप खिचडी करतात. यावर सहा तारांची कॉर्ड छेडली तरी प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. क्लीन आर्पेजिओला उत्तम. ज्यांना नेकवर लोण्यासारखा जाड लीड हवा त्यांना मात्र हा किरकोळ वाटेल. त्यांनी एसएच-१ किंवा अल्निको २ प्रो नेकला लावून पाहावा.

मागवण्याआधी पट्टी घेऊन बसा. ब्रिजजवळ पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मध्यांमधले अंतर मोजा. ४९-५० मिमी असेल तर साधा एसएच-४, ५२-५३ च्या आसपास असेल तर टीबी-४, ज्याला कंपनी ट्रेमबकर म्हणते. नेककडे तारा जवळ येतात, तिथे साधा जॅझच बसतो. चूक झाली तर आवाजात फार फरक पडत नाही हे खरे, पण कडेची तार पोलच्या (तारेखालच्या लोखंडी खुंटाच्या) बाहेर लटकताना दिसते आणि मग ते डोळ्यांना सतत खुपते. दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे खाचेची खोली, कारण पिकअपचे पाय लांब निघाले तर तो खाली बसतच नाही. आणि उंचीचे स्क्रू पिकअपसोबत आलेलेच वापरा. अमेरिकन पिकअपचे आटे इंची, बऱ्याच आशियाई गिटारांचे मिलिमीटरचे. जुना स्क्रू नव्या पायात जोर लावून फिरवला की आटे गेलेच.

वायरिंग उघडल्यावर सगळ्यात आधी फोटो, जवळून आणि दोन बाजूंनी. काही गिटारांत आत वायरींऐवजी छापील पट्टी आणि प्लग असतात. तिथे प्लग कापून डाख देण्यापेक्षा पॉट, स्विच आणि जॅकचे वायरिंग नव्याने केलेले बरे. नवे पॉट घेताना दांड्याचे भोक मोजा: आशियाई गिटारांत ८ मिमी, अमेरिकनमध्ये साडेनऊ. भोक लहान असेल तर रीमरने हळूहळू मोठे होते. ड्रिल लावले तर वरचा लाखेचा थर फुटतो.

सेमोर डंकनच्या चार वायरींचा हिशेब असा. काळी गरम, म्हणजे स्विचकडे किंवा पॉटकडे जाते. पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून, डाख देऊन, श्रिंक ट्यूबमध्ये बंद. हिरवी आणि उघडी वायर दोन्ही ग्राउंडला. दुसऱ्या गिटारात डिमार्झिओ असेल तर सवयीने हेच रंग लावू नका. त्यात लाल गरम, काळी-पांढरी एकत्र आणि हिरवी ग्राउंडला असते. रंग सारखे दिसतात म्हणून डोळे मिटून जोडणाऱ्यांची फजिती इथेच होते.

डाखासाठी ६०/४० ची रोझिनवाली तार, जाडी १ मिमीच्या आत. आयर्न ४० ते ६० वॅटचा, ३५० अंशांच्या पुढे-मागे. खरी कसोटी पॉटच्या पाठीवर. ती पत्र्याची, मोठी, उष्णता पिऊन टाकणारी. बारीक सँडपेपरने नखाएवढी जागा घासून चकचकीत करा, टोकावर थोडा डाख घेऊन ते टोक जागेवर आडवे टेकवा, आणि तीन-चार सेकंदांत डाख पाण्यासारखा पसरला की वायर टेकवून आयर्न उचला. वायर हलू देऊ नका, फुंकर मारू नका. जोड गुळगुळीत आणि चकचकीत दिसला की पक्का. पांढुरका, दाणेदार, मण्यासारखा वर बसलेला दिसला तर तो कच्चा डाख. आज वाजेल, कार्यक्रमात दगा देईल. आणि दहा-बारा सेकंद आयर्न दाबून धरलात तर आतली कार्बनची पट्टी भाजते, मग व्हॉल्यूम फिरवताना खरखर कायमची.

तारा चढवण्याआधी जॅकमध्ये केबल घाला, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा, व्हॉल्यूम आणि टोन १० वर. ५०० च्या पॉटसह जेबीवर साधारण १६ किलोओहम दिसायला हवेत, कारण पॉट समांतर येतो. जॅझवर ७.६ च्या जवळ. दोन्ही एकत्र असताना सव्वापाचच्या आत-बाहेर. जेबीवर ८ दिसले तर पांढऱ्या-लालचा जोड कुठेतरी ग्राउंडला टेकला आहे आणि एकच कॉइल चालू आहे. आकडा थेट ५०० च्या आसपास गेला तर पिकअप जोडलाच गेलेला नाही. शून्य आले तर जॅकच्या पायांत वायरीचा सुटा केस अडकलाय का बघा. मग केबल अँपला लावून, आवाज बारीक ठेवून, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पोल हलकेच टकटकवा. स्विच जिथे दाखवतो तोच पिकअप टकटकतो ना, हे तारा नसतानाच कळते.

तारा चढवल्यावर मधल्या जागी आवाज पोकळ, नाकातला, खर्ज गायब असा आला तर दोन पिकअप उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकमेकांचा आवाज खोडताहेत. जेबी-जॅझ दोन्ही याच कंपनीचे असले तर असे सहसा होत नाही. एकच बदलून दुसरा जुना ठेवला की होते. उपाय सोपा: नव्यातली काळी आणि हिरवी अदलाबदल, उघडी वायर मात्र ग्राउंडलाच. गुणगुण तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर ते ठीकच. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवर गरम आणि ग्राउंड उलटे लागले आहेत. आणि हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजकडे जाणारी ग्राउंड वायर सुटली आहे. जुने पिकअप काढताना तीच हमखास तुटते.

उंचीवर मात्र वेळ घालवा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, तारेच्या खालच्या कडेपासून पोलपर्यंत मोजायचे. जेबीला जाड तारेखाली २.५ मिमी, बारीकखाली २ मिमी. जॅझला दोन्हीकडे २.५. ही फक्त सुरुवात. पुढे अर्धा फेरा, ऐकणे, पुन्हा अर्धा फेरा. जेबी ताकदीचा असल्याने स्विच नेकवर टाकला की आवाज पडल्यासारखा वाटतो. तेव्हा जॅझ वर चढवण्याआधी जेबी खाली न्या. अर्ध्या मिलिमीटरने जेबीचा चिरकेपणा उतरतो आणि जाड तारा मोकळ्या होतात. पिकअप तारांना चिकटवला की टोन जास्त मिळतो हा समज काढून टाकावा. जास्त मिळतो तो दाब, टोन नव्हे.

कॉइल स्प्लिटसाठी, म्हणजे हंबकरची एकच कॉइल वाजवण्यासाठी, पुश-पुल (ओढून स्विचसारखा चालणाऱ्या) पॉटवरून पांढरी-लाल ग्राउंडला नेतात. जेबी स्प्लिट केल्यावर ८ किलोओहमची बरी सिंगल कॉइल उरते. जॅझचे मात्र जेमतेम पावणेचार, तेव्हा आवाज पातळ आणि दुबळा. तिथे जोड थेट ग्राउंडला न देता मध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर टाका, दुसऱ्या कॉइलचा थोडा अंश उरतो आणि अंग भरते. बदल्यात थोडीफार गुणगुण राहतेच, ती सगळी जात नाही. दोन्ही पिकअप असेच स्प्लिट केले तर दोघांच्या एकाच ध्रुवाच्या कॉइल उरतात आणि मधल्या जागी हम तसाच राहतो. तो घालवायचा तर एका पिकअपचा जोड ग्राउंडऐवजी काळ्या वायरीकडे न्यावा, म्हणजे तिथे दुसरी कॉइल उरते.

एकाच गिटारवर क्लीनपासून हार्ड रॉकपर्यंत सगळे वाजवणाऱ्याला ही जोडी निःसंकोच घ्यावी असे आमचे मत. फक्त ब्लूज वाजवणाऱ्याने जेबीच्या वाटेला जाऊ नये, त्याच्यासाठी कमी गुंडाळीचे पिकअप बरे. आणि आधीचे पिकअप काढताना त्यांच्या वायरी पॉटपाशी डाख वितळवून सोडवा, पिकअपच्या बुडाशी कापू नका. स्क्रू आणि स्प्रिंगा त्याच पिशवीत भरून ठेवा. आखूड वायरीचा पिकअप ना परत बसवता येतो, ना कुणी विकत घेतो.