‘कॉलेज फुटबॉल २५’: ब्लिट्झ अंगावर आला की हा गेम कसा वागतो

समोरच्या संघाने क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्यावर) एकदम सात जण सोडले, म्हणजे ब्लिट्झ केला, तर त्याला सांभाळायला त्याच्या पुढच्या लाइनमधले पाच आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) मिळून सहाच जण. म्हणजे एक गडी मोकळा येणारच. अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमने हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला, तर आक्रमक बचावाविरुद्ध खेळायला खरी मजा येते. ईए स्पोर्ट्सचा ‘कॉलेज फुटबॉल २५’ या बाबतीत चांगला उतरलाय, मात्र लाइनच्या बाबतीत हात जरा आखडता राहिलाय.

गेम १९ जुलै २०२४ला प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एसवर आला. ईएचा त्याआधीचा कॉलेज गेम थेट २०१३चा. यात १३४ संघ आहेत, आणि प्रत्येकाचं प्लेबुक (डावांची यादी) त्याच्या वळणाचं. पीसीवाल्यांसाठी मात्र काही नाही.

ब्लिट्झविरुद्धचं निम्मं काम स्नॅपआधीच (चेंडू खेळात येण्याआधीच) होतं, आणि गेमची सगळ्यात जमलेली बाजू हीच. एखादा रिसीव्हर (पास झेलणारा) मोशनमध्ये, म्हणजे स्नॅपआधीच, या टोकाकडून त्या टोकाकडे पाठवा. समोरचा बचावपटू त्याच्या मागे धावत आला तर बहुतेक वेळा मॅन कव्हरेज (एकाला एक चिकटून). नुसतेच सगळे थोडे सरकले तर झोन (प्रत्येकाने आपापली जागा राखायची). मग सेफ्टींकडे, म्हणजे सगळ्यात मागच्या बचावपटूंकडे, बघा. मागे खोलवर कुणीच नसेल तर ‘कव्हर झीरो’ समजायचं. अशा वेळी दोन रस्ते. एक, चेंडू अडीच सेकंदांच्या आत सोडणं: प्लेस्टेशनवर ट्रँगल दाबून स्लॉट रिसीव्हरला (लाइनजवळच्या रिसीव्हरला) स्लँट (तिरकं आत धावणं) द्यायचा आणि ब्लिट्झर ज्या जागेवरून निघाला त्याच जागेत फेकायचं. दुसरा, टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहणारा) आणि रनिंग बॅक दोघांनाही ब्लॉकिंगला ठेवून सातास सात करायचे आणि मागच्या मोकळ्या मैदानात पोस्ट (खोलवर मधल्या दिशेने जाणारा लांब पास) टाकायचा. पाच जणांच्या संरक्षणात पोस्टची वाट बघत उभं राहणं हा तिसरा रस्ता, आणि तो सरळ सॅककडे (क्वार्टरबॅक चेंडूसह पाडला जाण्याकडे) जातो.

आता लाइन. एल१ दाबून संरक्षण ज्या बाजूला जास्त माणसं दिसतात तिकडे सरकवायचं. इथे लोक हमखास चुकतात: लाइन उजवीकडे सरकवली आणि रनिंग बॅकही उजवीकडेच राहिला, तर डावीकडचा टोकाचा गडी न अडवता आत येतो. लाइन एका बाजूला, बॅक दुसऱ्या बाजूला, हे पक्कं. गेम सरकवायची सोय देतो, पण कोण कुणाला धरणार हे पुरेसं उलगडून दाखवत नाही. त्यामुळे सॅक झाल्यावर चूक आपली की लाइनची, हे रिप्लेमध्ये शोधावं लागतं. सराव मोडमध्ये समोर ३-३-५ या बचाव रचनेतला एकच ब्लिट्झ लावून तोच पास प्ले दहा-पंधरा वेळा घोटला, की मग ते डोळ्यांत बसतं.

स्क्रीन पास (ब्लिट्झ अंगावर येऊ देऊन ब्लॉकर्सच्या मागे बॅकला दिलेला छोटा पास) हे आक्रमक बचावावरचं जुनं औषध, आणि इथे ते लागू पडतं. डोस मात्र बरोबर हवा. स्नॅपनंतर सरळ मागे दोन-तीन यार्ड जास्त जायचं, बाजूला पळायचं नाही. लाइनमन ब्लॉक सोडून बाहेर निघाले की बटण हलकं टॅप करून चेंडू वरून द्यायचा. बटण दाबून धरलं तर बुलेट (सरळ वेगवान पास) जाते आणि अंगावर आलेल्याच्याच हाताला लागते. चेंडू मिळाल्यावर लगेच स्प्रिंट नको. बॅक आपल्याच ब्लॉकर्सना मागे टाकतो आणि चार यार्डांत पडतो. शिवाय लाइनबॅकर (बचावाच्या लाइनमागचा गडी) मॅनमध्ये बॅकलाच चिकटलेला असेल, तर स्क्रीनचा नादच सोडा.

खरा घात होतो तो खोट्या ब्लिट्झने. सहा जण लाइनवर उभे राहतात, येतात चारच, आणि ज्या जागेत तुम्ही घाईने स्लँट टाकता तिथे मागे सरकलेला लाइनबॅकर उभाच असतो. म्हणून स्नॅपनंतर पहिली नजर त्या लाइनबॅकरवर, रिसीव्हरवर नाही. तो पुढे आला तर फेका, मागे गेला तर पुढचा पर्याय बघा.

धावण्याच्या डावात कॉलेजचा वेगळेपणा खुलतो. झोन रीड या धावण्याच्या डावात बचावाच्या टोकाच्या गड्याला मुद्दाम मोकळं सोडतात. तो बॅकवर झेपावला तर चेंडू स्वतःकडे ठेवायचा, जागेवर थांबला तर बॅकला द्यायचा. जितका उतावीळ बचाव, तितका फायदा. आर्मीच्या (अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाच्या) प्लेबुकमधला फ्लेक्सबोन ट्रिपल ऑप्शन (चेंडू नेण्याचे तीन पर्याय) याचीच मोठी आवृत्ती, फक्त पिच (बाजूच्या गड्याकडे चेंडू टाकणं) उशिरा केली की फंबल (चेंडू हातून सुटणं) ठरलेला. ड्रॉ (पासचा बहाणा करून बॅकला चेंडू देणं) मात्र कडेने येणाऱ्या ब्लिट्झवरच चालतो. मधल्या फटीतून दोन लाइनबॅकर घुसणार असतील तर बॅक चेंडू घेतानाच पकडला जातो.

मैदानाची मापंही वापरा. कॉलेजमध्ये हॅश मार्क्सच्या दोन रांगा (चेंडू यांच्या मधूनच खेळात येतो) ४० फूट अंतरावर असतात, त्यामुळे चेंडू एका हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट जागा. अरुंद बाजूने ब्लिट्झ आला तर रुंद बाजूचा बबल स्क्रीन (बाजूच्या रिसीव्हरला झटपट छोटा पास) बघा.

बाहेरच्या मैदानावर यातलं बरंच अवघड होतं. या गेमसाठीच्या ईएच्या सगळ्यात अवघड मैदानांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या टेक्सस ए अँड एमच्या काइल फील्डवर गर्दी तापली की कॅमेरा हादरतो आणि रूट्सच्या (रिसीव्हरच्या धावण्याच्या वाटांच्या) रेषा वेड्यावाकड्या दिसतात. तिथे नवे रूट लावत बसण्यापेक्षा दोन-तीन पाठ असलेले प्ले ठेवावेत. ‘वेअर अँड टेअर’मुळे प्रत्येक तडाख्याची नोंद त्या त्या अवयवावर होते, त्यामुळे पहिल्या क्वार्टरमधले चार सॅक चौथ्या क्वार्टरमधल्या पासवर दिसतात. तिसऱ्या डाऊनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) आठ यार्ड हवे असताना चेंडू बाहेर फेकून पंट करणं (लाथेने चेंडू दूर देणं) कधी कधी आणखी एक सॅक खाण्यापेक्षा स्वस्त पडतं.