७५० वॉट, ३३ किलो: फॅट टायर ई-बाईक बरेच महिने वापरल्यावर

आधी नेमकी कुठली बाईक ते सांगतो. मागच्या चाकात ७५० वॉटची गिअरवाली हब मोटर, ४८ व्होल्ट १५ अँपिअर-अवरची बॅटरी (म्हणजे ७२० वॉट-अवर), २६ बाय ४ इंचाचे टायर, सात गिअर, तारेवरचे डिस्क ब्रेक. कॅरियर आणि मडगार्डसकट वजन ३३ किलोच्या आसपास. अमेरिकेत या साच्याच्या बाईक १३०० ते २००० डॉलरमध्ये ऑनलाइन मिळतात. ब्रँड बदलला तरी आतला माल आणि दुखणी बरीचशी तीच, म्हणून नाव देत नाही. वापर सगळा कॅलिफोर्नियात, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात).

वजन चालवताना जाणवत नाही. जाणवतं ते उरलेल्या वेळी: जिना, बस, गाडीमागचा रॅक, पंक्चर. विकत घ्यायची की नाही हे मोटरपेक्षा यावरच ठरवावं.

ताकदीबद्दल तक्रार नाही. ७५० हा नुसता कागदावरचा आकडा आहे; मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर २५ अँपिअर देत असेल तर भरलेल्या बॅटरीवर १३०० वॉटच्या वर ओढ मिळते. सिग्नल सुटल्यावर चौक पार करताना, किराणा लादून पुलावर चढताना दम लागत नाही. फ्रीमाँट-सनीवेलसारख्या सपाट भागात ती लोण्यासारखी चालते. पण हब मोटरला स्वतःचा एकच गिअर असतो. तुम्ही सायकलचे गिअर कितीही बदला, मोटरला त्याचा उपयोग नाही. बर्कलीच्या मरीन ॲव्हेन्यूसारख्या उभ्या चढावर वेग ताशी १०-१२ किलोमीटरच्या खाली गेला की निम्मी वीज उष्णतेत जाते आणि आतले नायलॉनचे दाते झिजतात. अशा जागी नुसता थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारी मूठ) पिळून धरू नये. खालच्या गिअरमध्ये जोरात पेडल मारावं, नाहीतर वळून दुसरा रस्ता धरावा. रोजचाच रस्ता टेकडीचा असेल तर मिड-ड्राइव्ह (पेडलपाशी मोटर असलेली, सायकलचे गिअर वापरणारी) घ्या, ही नको.

रेंजच्या जाहिराती सोडून द्या. पेडल न मारता ताशी ३२ किलोमीटरने गेलात तर किलोमीटरमागे १८ ते २० वॉट-अवर जातात, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर. असिस्ट (पेडल मारताना मोटरची मदत) दोनवर ठेवून मनापासून पेडल मारलं तर ६० पर्यंत. दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो. तो समोरून असेल तर खाडीवरच्या डंबार्टन पुलावर हिशेब पार कोलमडतो. डिस्प्लेवरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, व्होल्ट दाखवणारं सेटिंग लावा. पूर्ण भरलेली बॅटरी ५४.६, साधारण ५० ला निम्मी, ४६ ला घराकडे वळायचं, आणि ४० च्या आसपास कंट्रोलर हात वर करतो. आकडा थांबल्यावर बघा; थ्रॉटल दाबलेला असताना तो दोन-तीन व्होल्ट खालीच दिसतो.

सोबतचा २ अँपिअरचा चार्जर पूर्ण चार्जला आठ तास घेतो. रात्रीच्या दराने अर्ध्या डॉलरच्या आत काम होतं. रोज शंभर टक्के भरून ठेवायची गरज नाही, ८०-९० वर काढली तर बॅटरी जास्त टिकते. बॅटरीवर यूएल २२७१ आणि बाईकवर यूएल २८४९ चा (अमेरिकेतल्या सुरक्षा मानकांचा) शिक्का आहे का ते बघाच. जास्तीची बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून कुठलीही घेऊन घरात चार्जिंगला लावणं हा आगीशी खेळ आहे.

आता पंक्चर. खाडीकाठच्या बे ट्रेल या सायकल-पायवाटेच्या कडेला सराटे आहेत, अगदी आपल्या माळरानावरचेच, आणि चार इंची टायर जास्त जागा झाडत जातो. मागचं चाक पंक्चर झालं तर ते काढायच्या भानगडीत पडू नका. बॅटरी काढा, बाईक गिअरची बाजू वर ठेवून आडवी करा, उरलेली हवा सोडा. टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, मग वरची कड अर्ध्याच चाकापुरती लिव्हरने बाहेर काढा. तेवढ्यातून ट्यूब ओढून पॅच लावता येतो. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. तो राहिला तर पुढच्या फर्लांगावर पुन्हा तेच. व्हॉल्व्हच फाटला असेल तर मात्र चाक काढावंच लागतं: मोटरचा प्लग सरळ ओढायचा, पिळायचा नाही, १८ किंवा १९ चा पाना लागतो, खाचेत बसणाऱ्या वॉशरचा क्रम आधी फोटोत घ्या. तो वॉशर चुकला तर मोटरचा आस फ्रेममध्ये फिरतो आणि वायर तोडतो. नट परत ४० न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट हवा. ट्यूबमध्ये आधीच १२० ते १८० मिलीलिटर सीलंट (भोक बुजवणारं द्रव) भरलेलं असेल तर बहुतेक वेळा ही वेळ येतच नाही. हवा डांबरावर २० पीएसआय, खडीवर १२.

मागच्या चाकाचे स्पोक हे दुसरं दुखणं. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये ते सैल होतात, आणि सैल स्पोक वाकाशी तुटतो. बोटाने छेडून पाहा: एकाच बाजूच्या स्पोकमधून सारखा आवाज यायला हवा, भद्द वाजला तो सैल. पाव-पाव फेरा देत घट्ट करा. ऑनलाइन घेतलेल्या हब मोटरच्या बाईकला हात न लावणारी दुकानं पुष्कळ आहेत, त्यामुळे एवढं तरी स्वतःला यायला हवं.

तारेचे ब्रेक या वजनाला कमी पडतात. उतार जास्त असतील तर पॅड बघता बघता संपतात. जमल्यास हायड्रॉलिकच घ्या. पेडल थांबवल्यावर मोटर क्षणभर ढकलत राहते, तो साध्या केडन्स सेन्सरचा (पेडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणाऱ्या) दोष; वळणावर ब्रेकच्या दांडीवर बोट ठेवावं, दांडी जराशी ओढली की मोटर बंद होते.

बसच्या पुढच्या रॅकची मर्यादा बहुधा २५ किलो. बॅटरी काढली तरी ही २९. गाडीमागचा रॅक घेताना प्रत्येक बाईकमागे किती वजन चालतं ते वाचा, बरेच २७ वर थांबतात. कॅलट्रेनमध्ये (सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजे लोकलमध्ये) बाईक एकमेकींना टेकवून बांधतात. हिच्या मागे कुणाची हलकी सायकल अडकली की काढणाऱ्याचा चेहरा बघवत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर विषय संपला. रॅम्प असेल तर वजाबाकीचं बटण धरून ठेवलं की वॉक मोडमध्ये ती माणसाच्या चालीने स्वतः चढते.

कायद्याचं थोडक्यात: कॅलिफोर्नियात ई-बाईकचे क्लास ठरलेले आहेत. थ्रॉटलवर ताशी २० मैल, ही क्लास २. पेडलवर २८ मैल खुले केले की ती क्लास २ राहत नाही, आणि क्लास ३ मध्येही थ्रॉटल नसेल तरच बसते. क्लास ३ ला वय किमान १६, हेल्मेट सक्तीचं आणि बऱ्याच सायकल मार्गांवर बंदी. भारतात २५० वॉट किंवा ताशी २५ किलोमीटर यांपैकी एकाच्याही वर गेली की ती मोटार वाहनच, नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. शिवाय एवढी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, तेव्हा परतताना इथेच विकावी लागते.

जुनी घेणाऱ्यांनी पूर्ण चार्ज करून व्होल्ट मोजावेत, मागचं चाक उचलून थ्रॉटलवर फिरवून दात्यांची खरखर ऐकावी, स्पोक छेडावेत, आणि बॅटरीच्या कुलपाची किल्ली आहे का ते विचारावं. किल्ली नसेल तर सौदा करू नये.