बडोद्यात घर बदललं: नातेवाइकांच्या सल्ला-सेवेचा रिव्ह्यू

मांजलपूरचं टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र छोटं घर, विकून आम्ही सुभानपुऱ्यात लिफ्टवाला फ्लॅट घेतला. सासूबाईंचे गुडघे, दुसरं काही कारण नाही. या सगळ्यात जी सेवा सर्वांत जास्त वापरावी लागली ती ना दलालाची ना बँकेची, ती नातेवाइकांची आणि मित्रमंडळींची. लोक मिक्सरचेही रिव्ह्यू लिहितात, मग हिचा का नको? मिक्सर निदान परत करता येतो. काकांचा सल्ला परत करून बघा, दिवाळीला फराळाचं ताट येतं का ते कळेल.

उपलब्धता म्हणाल तर चोवीस तास. मागावंसुद्धा लागत नाही. दांडिया बाजारात भाजी घेताना मी एका ओळखीच्या बाईंना सहज म्हणाले, "विकायचं चाललंय," आणि संध्याकाळी नवसारीहून आत्यांचा फोन.

आधी भावाबद्दल बोलते, कारण त्यात ही सेवा सर्वांत कच्ची निघाली. आमचे चुलत सासरे, म्हणजे काका, पहिल्याच दिवशी म्हणाले, "सूनबाई, एक कोटीच्या खाली उतरायचं नाही." का? तर कोपऱ्यावरचं घर एक कोटी पाचला गेलं. गेलं असेलही. पण त्या घराला दोन बाजूंनी रस्ता, आणि घेणाऱ्या डॉक्टरांना खाली दवाखाना काढायचा होता. आमचं घर आतल्या गल्लीत, समोरच्याने गाडी लावली की आमची स्कूटर तिरकी करून काढायची. काकांच्या हिशेबात हे बसत नव्हतं. त्यांनी तो आकडा इतक्या वेळा म्हटला की घरातल्या सगळ्यांना वाटायला लागलं, एक कोटी आपल्या खिशातच आहेत आणि येणारा प्रत्येक गिऱ्हाईक त्यातले वीस लाख काढून न्यायला बघतोय. लोक येत, चहा घेत, छत बघत, जात.

त्यात भाऊजींनी भर घातली: "वहिनी, जंत्री डबल झालीये, भाव पण डबलच मागायचा." जंत्री डबल झाली हे खरं. 2011 चे दर चालत आले होते ते 15 एप्रिल 2023 पासून सरकारने दुप्पट केले. पण जंत्री म्हणजे स्टॅम्प ड्युटी मोजायला सरकारने धरलेला किमान दर. ती वाढली की दस्तावेजाचा खर्च वाढतो आणि तो भरतो घेणारा. म्हणजे उलट त्याचाच हात आखडतो. हे मी भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "तरीपण." या "तरीपण"पुढे कुणाचं काही चालत नाही. शेवटी बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरला फी देऊन बोलावलं. त्याने टेप लावली, भिंतीची ओल नखाने खरवडून बघितली, बांधकामाचं वर्ष विचारलं आणि एक आकडा कागदावर लिहून दिला. घर त्या आकड्याच्या आसपास गेलं. काका अजून म्हणतात, घाई केलीत.

आता ज्यात या सेवेला पैकीच्या पैकी द्यावेत ते सांगते. पाणी.

बडोद्यात राहणाऱ्याला ऑगस्ट 2024 सांगायला नको. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 25 फुटांची आणि त्या वेळी नदी 35 च्या वर गेली. समा, हरणी, अकोटा, कारेलीबाग, सगळीकडे घराघरांत पाणी. आम्ही समा भागात एक फ्लॅट बघायला गेलो तेव्हा मावशींना बरोबर नेलं, त्या जवळच राहतात म्हणून. दलाल फ्लॅट दाखवत होता, मॉड्युलर किचनचे ड्रॉवर उघडून-मिटून. मावशी वर आल्याच नाहीत. खाली पार्किंगमध्येच फिरत राहिल्या. मी खाली आले तर म्हणाल्या, "हा रंग बघ." कंपाउंडच्या भिंतीला छातीपर्यंत नवा रंग, त्याच्या वरच्या भागाला जुना. लिफ्टच्या दरवाजाखालच्या पत्र्याला गंज. आणि मीटरची पेटी! बाकी सगळ्या वायरिंगचे पाइप जुने, पिवळे पडलेले, पेटी मात्र कोरी आणि पूर्वीच्या जागेपेक्षा हातभर वर बसवलेली. खाली जुन्या पेटीच्या चार खिळ्यांची भोकं तशीच. दलाल म्हणाला, "बेन, आ एरियामां पाणी नथी भरातुं," म्हणजे या भागात पाणी भरत नाही. मावशींनी वाद घातला नाही. गेटबाहेरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, त्या दिवसांत टेबल कुठे नेलं होतंस? त्याने समोरच्या दुकानाच्या गच्चीकडे बोट दाखवलं.

असा सल्ला कुठल्याही कागदावर मिळत नाही. मावशींनी 2019 ची 31 जुलैही बघितलीय आणि 2024 सुद्धा. पाणी कुठल्या गल्लीतून आत शिरतं आणि कुठे येऊन थांबतं, ते त्यांना पायांनी माहीत आहे. सुभानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्या वेळी पाणी आलं नव्हतं, हेसुद्धा त्यांच्याच भजनी मंडळातल्या बाईंकडून पक्कं केलं. त्याच मावशी कर्जाच्या व्याजाबद्दल बोलू लागल्या तेव्हा मात्र मी चहा ठेवायला उठले.

मित्रांचा अनुभव मधला. यांच्या ऑफिसातले एक स्नेही वासणा-भायली रोडच्या नव्या स्कीमसाठी फार मागे लागले होते. "चौदाशे फूट, या भावात शोधून सापडणार नाही." त्यांनी स्वतः तिथेच बुक केलंय, त्यामुळे कळकळ खरी, पण शेजार ओळखीचा मिळावा ही इच्छाही तितकीच खरी. मी विचारलं, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती? त्यांना माहीत नव्हतं! स्वतःचं घर, आणि माहीत नाही. गुजरेराच्या, म्हणजे गुजरातच्या घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटवर प्रोजेक्ट काढून बघितला तर कार्पेट आठशेच्याही खाली. चौदाशे हा सुपर बिल्टअपचा आकडा, त्यात जिना, लिफ्ट, गार्डनचा वाटा सगळं आलं. रेरा कायदा 2016 चा. विक्री कार्पेट एरियावर करायची असं त्यात स्पष्ट आहे, आणि नोंदवलेला करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही हेही. स्नेह्यांनी किती भरले होते ते मी विचारलं नाही. त्यांच्या घरी जाणं-येणं आहे.

आणि मग "ओळखीचा माणूस". आम्ही घेतला तो फ्लॅट भाऊजींच्या मित्राचा. रीसेल, दुसरा मजला, हवा छान. भाऊजी म्हणाले, "घरचाच माणूस आहे, वकिलाला कशाला पैसे घालता?" माणूस खरोखर सज्जन होता, त्याबद्दल दुमत नाही. पण मी रावपुऱ्यातल्या एका वकीलबाईंकडे फाइल दिली. त्यांनी बीयू परमिशन (इमारत वापरायचा परवाना), बिनखेतीचा हुकूम, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीचे दस्तावेज क्रमाने लावून घेतले, भाग अशांत धाऱ्यात, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागांतल्या विक्रीच्या कायद्यात, येतो का ते विचारलं (येत असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही) आणि सब-रजिस्ट्रारकडे तीस वर्षांचा सर्च काढला. त्यात निघाला बोजा. मित्राने कर्ज केव्हाच फेडलं होतं, बँकेचं नो ड्यूजही फाइलमध्ये होतं, पण गहाणखत नोंदवलेलं होतं आणि त्याची मुक्ती कुणी नोंदवलीच नव्हती. सज्जन माणसाच्या ध्यानीमनीही नाही. बँकेने रिलीज डीड करून देईपर्यंत काही आठवडे गेले, बानाखताची, म्हणजे विक्रीआधीच्या कराराची, मुदत वाढवावी लागली आणि भाऊजी तेवढे दिवस माझ्याशी फोनवर "हं, हं" एवढंच बोलत होते.

फी किती, म्हणून विचारतात लोक. भाऊजींच्या एका जेवणाच्या ऑर्डरपेक्षा थोडी जास्त, एवढंच सांगते. वकीलबाई बोलायला तुसड्या आहेत, फोन दुपारी उचलत नाहीत, आणि झेरॉक्सचे पैसे वेगळे लावतात. हे तिन्ही मला चालतं.

नणंदबाईंचं मात्र नाव घ्यायलाच हवं. "दस्तावेज फक्त वहिनीच्या नावावर करा," एवढं एकच वाक्य त्या बोलल्या. गुजरातेत स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के आणि रजिस्ट्रेशन फी एक टक्का. घेणारी फक्त बाई असेल तर हा एक टक्का माफ. नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की माफी गेली. नणंदबाईंनी स्वतःच्या घराच्या वेळी हे केलेलं, पावती काढून दाखवली. आमचे हे अर्धा दिवस गप्प होते. मग म्हणाले, "दाराच्या पाटीवर तरी माझं नाव राहू दे." राहू दिलंय, माझ्या नावाच्या खाली.

सध्या भाऊजींच्या मुलीचं घर बघणं चालू आहे. काकांनी भाव सांगून टाकलाय. मावशींना पार्किंग बघायला मी नेणार आहे, रविवारी, भजन संपल्यावर. वकीलबाईंचा नंबर भाऊजींनी अजून मागितलेला नाही.